वोल्फर्सकेर्कचा ठिपका

१ फेब्रुवारी १९५३. वोल्फर्सकेर्क गावात शनिवारी संध्याकाळी एकशे बारा माणसे होती. सोमवारी दुपारी त्र्याहत्तर.

त्या त्र्याहत्तरांपैकी एक तानेत्ये दालेबाउट. वय एकसष्ट, लग्न केलेले नाही, धंदा शिवणकाम. मी तिला आयुष्यात एकदाच भेटलो, तेही तिच्या चौकशीसाठी. पण तिच्या उभ्या, टाक्यासारख्या एकसारख्या अक्षरातले बावीस वर्षांचे कागद युट्रेख्तच्या आमच्या कार्यालयात होते, आणि ते लावण्याचे काम माझ्याकडे होते. तिच्याविषयी लिहिण्याचा अधिकार एवढ्यावरच उभा आहे. तो पुरेसा आहे असे माझे म्हणणे नाही.

गावाच्या नावाच्या शेवटी चर्च आहे: 'केर्क' म्हणजे चर्च. गावात चर्च नव्हते. वोल्फर नावाच्या कुणा माणसाने ते बांधले आणि चारशे वर्षांपूर्वीच्या पुरात ते गेले. लोक मागे सरकले, नवा बांध घातला, नव्या बांधाआड घरे बांधली. चर्च पुन्हा बांधण्याइतके बळ कुणाकडे उरले नव्हते, म्हणून रविवारी पाऊण तास चालत शेजारच्या गावी जायचे. नावाचा शेवट मात्र कुणी काढला नाही. मोठ्या ओहोटीला शिंपले वेचणाऱ्यांच्या पायाला चौकोनी दगड लागत. ते दगड कुणी घरी आणत नसे.

तानेत्येचा बाप याच बांधाच्या डागडुजीवर मजूर होता. ती सहा वर्षे शाळेत गेली, मग हाती सुई आली. आमच्या डच भाषेत कष्ट करणाऱ्या बाईच्या कामाला एक खास प्रत्यय लागतो: शिवणारी, विणणारी, धुणारी, सगळ्यांना एकच, '-स्तर'. सरदारणींना आणि राजकन्यांना लागतो तो निराळा. तो फ्रेंच दरबारातून आला. '-स्तर' इथलाच, किनाऱ्यावरचा. तानेत्ये आपल्या नावाखाली तो धंदा पूर्ण लिहीत असे, आणि त्याचा शेवट तिने एकदाही घाईत उरकलेला मला दिसला नाही.

घरोघरी जाऊन शिवण्याची तिथली रीत होती. हातगाडीवर यंत्र घालून ती एकेका घरी दोन-दोन दिवस राही. त्यामुळे कुठल्या घरात कोण कसे बोलते हे तिला जितके ठाऊक होते तितके गावच्या मास्तरांना नव्हते. १९३१ साली आमच्या कार्यालयाने बोलींचा नकाशा करायला घेतला आणि गावोगाव एक विश्वासू माणूस शोधला, तेव्हा मास्तर नियमानेच बाद झाले. नियम असा की माहिती देणारा त्याच गावात जन्मलेला हवा आणि त्याचे आईबापही तिथलेच हवेत. मास्तर बाहेरचे होते. त्यांनी शिवणारीचे नाव कळवले, थोडे नाराजीनेच.

दर शरद ऋतूत आमची छापील यादी जाई. चाळीस शब्द, पुढे गावच्या उच्चाराप्रमाणे उत्तर लिहायचे. इतर गावांत मंडळी ती एका संध्याकाळी एकट्याने भरून टाकत. तानेत्येने स्वतःची पद्धत ठरवली. बुधवारी दुपारी तीन वाजता तिच्या घरी, शिवणाच्या मेजाभोवती चार खुर्च्या. पहिली समोरच्या घरातल्या यिक्के बोनेची, दुसरी यिक्केचा नवरा लाइन याची, तिसरी पाटांतला गाळ काढणाऱ्या मारीनुसची. चौथी ज्याला वेळ असेल त्याची. वर्षभरात गावातले सगळे त्या चौथ्या खुर्चीवर बसून जात. ती प्रश्न वाचे, गप्प राही, आणि जो जे बोलेल ते त्याच्या नावाच्या आद्याक्षरांसह लिहून घेई. स्वतःचे उत्तर ती कधीच लिहीत नसे. विचारणाऱ्याने उत्तर द्यायचे नाही, हा नियम आमचा नव्हता, तिचा होता.

एका यादीच्या मागच्या बाजूला तिने ते सगळे बोलणेच उतरवून ठेवले होते. शब्द साधा होता: लहान बटाटा.

"लहान बटाटा आमच्याकडे नसतोच," लाइन म्हणाला होता. "तो डुकराला जातो."

"डुकराला कसला, नवऱ्याला जातो म्हण," यिक्के म्हणाली. "लिही गं तान्ने, एरपेलके."

"एरपेलत्ये म्हणा की आता," लाइन म्हणाला. "बाजारात सगळे तसंच म्हणतात."

"मग बाजारातच जाऊन राहा तुम्ही," मारीनुस म्हणाला. "तिथं बायकोही तशीच बोलणारी मिळते का बघा."

"बघतो हो, पण ही सोडेल तर ना!"

"मी कशाला सोडू? डुक्कर कोण सांभाळेल मग?"

एवढ्याशा या थट्टेला आमच्या शास्त्रात मोठे मोल होते. वस्तूचे लहानपण दाखवणारा आमचा प्रत्यय मुळात '-कीन' असा होता. जुन्या हस्तलिखितांत तो सर्वत्र सापडतो. पुढे तो '-केन' झाला, मग '-के', आणि उत्तरेकडे झिजत झिजत '-त्ये' किंवा नुसता '-ये'. आम्ही त्याचा उपयोग लहान वस्तूपुरता करत नाही. प्रेम दाखवायला करतो, तुच्छता दाखवायला करतो, कॉफी मागताना नम्रता म्हणून करतो, आणि ज्याची भीती वाटते ते हातात मावेल एवढे करण्यासाठी करतो. वोल्फर्सकेर्क ज्या बेटावर होते त्या साऱ्या बेटावर '-त्ये' होता. फक्त वोल्फर्सकेर्कमध्ये '-के'. चारही बाजूंनी चढलेल्या पाण्यात उरलेल्या उंचवट्यासारखा.

यादीच्या तळाशी एक ओळ छापलेली असे: 'आपल्या गावाला नकाशावर त्याचे चिन्ह मिळेल.' बैठक संपताना तानेत्ये ती मोठ्याने वाचून दाखवी.

"मेल्यावर मिळेल," मारीनुस एका वर्षी म्हणाला.

"मेल्यावर तरी नक्की ना, तेवढं विचारून ठेव," लाइन म्हणाला.

हेही तिने लिहून ठेवले आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी वारा वायव्येकडून होता. बांधाचा कारभारी कॉफी पिऊन उठताना म्हणाला होता की वारा आहे, पण वाऱ्याचं पिल्लू आहे. थोडं पाणी येईल, पाण्याचं पिल्लू. सगळ्यांनी तोच '-के'चा शेवट लावून तेच शब्द पुन्हा म्हटले आणि झोपायला गेले. रविवारी पहाटे बांध तीन ठिकाणी फुटला.

तानेत्ये माळ्यावर चढली. उजाडल्यावर तिला समोरचे छप्पर दिसले आणि छपरावर यिक्के. लाइन रात्रीच घोडा सोडायला गेला होता आणि परतला नव्हता. यिक्के त्याला हाका मारत होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या नवऱ्याला ती चारचौघांत डुक्कर म्हणे, पण हाक मारताना लाइनके म्हणे, म्हणजे लहानगा लाइन. आधी पूर्ण हाक ऐकू येत होती. मग वारा वाढला आणि नाव गळून गेले. पाण्यावरून फक्त शेवट येऊ लागला. '-के.' मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा '-के.' दुपारी दुसरी भरती आली. तिच्यानंतर छप्पर नव्हते.

तो शेवट मात्र अंधार पडेपर्यंत येत राहिला, असे तानेत्येने मला सांगितले. मी तिला विचारले की तो वारा असू शकेल का. ती म्हणाली, "असेल की. वारासुद्धा आमच्याच गावचा."

एकोणचाळीस गेले. जमीन सहा महिने भरती-ओहोटीखाली राहिली. पाणी उपसल्यावर एका समितीने ठरवले की इतक्या थोड्या माणसांसाठी गाव पुन्हा बांधणे परवडणार नाही. शेतांची नवी आखणी होईल आणि नाव रद्द होईल. उरलेल्यांना शेजारच्या गावाच्या कडेला, परदेशातून मदत म्हणून आलेल्या लाकडी घरांत बसवण्यात आले. तानेत्येला त्यातले सहा नंबरचे घर मिळाले.

आमच्या कार्यालयाचे टपालखाते निष्काळजी होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी वोल्फर्सकेर्कच्या पत्त्यावरही यादी धाडली, आणि टपालवाल्याने ती सहा नंबरच्या घरी नेऊन दिली. त्या वर्षीचा विषय होता लहानपणाचा प्रत्यय, कारण नकाशाची तीच पाने आधी छापायची होती. तीन आठवड्यांनी यादी भरून आली. चाळीस शब्दांपैकी एकोणचाळीसांपुढे उत्तरे होती आणि उत्तरांपुढे, नेहमीप्रमाणे, आद्याक्षरे. यि.बो. ला.बो. मा.द. मी आद्याक्षरे मोजली. त्या सकाळपर्यंत मला या गावचे काहीच वाटले नव्हते. ते सूचीतले एक नाव होते. मी वर्तमानपत्रातली मृतांची यादी मागवली आणि शेजारी ठेवली. जवळजवळ सगळी जुळली. जिवंतांपैकी एकाचेही आद्याक्षर त्या कागदावर नव्हते.

एक जोडी मात्र कशाशीच जुळली नाही. 'लहान चर्च' या शब्दापुढे ह.व. असे लिहिले होते, आणि उत्तराचा शेवट '-के' नव्हता. तो '-कीन' होता.

आमचे प्रमुख म्हणाले, "बाई दुःखात आहे किंवा फसवते आहे. जाऊन बघा. आणि हळू बोला तिच्याशी."

नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी, तीनला पाच मिनिटे असताना, मी सहा नंबरच्या दाराशी पोचलो. तिने काळा पोशाख घातला होता, डोक्यावर बेटावरची पांढरी टोपी.

"युट्रेख्तकर ना तुम्ही? बुटांवरनंच कळलं. काढा ते. आणि तिथं नका बसू, ती मारीनुसची. तुम्ही खोक्यावर बसा."

मेजाभोवती त्याच चार खुर्च्या होत्या. पाणी उतरल्यावर चिखलातून तिने त्या स्वतः ओढून काढल्या होत्या. तिने सहा पेले मांडले, सहाही भरले, प्रत्येकाच्या बशीत एकेक चिकट गोड बोलस पाव ठेवला आणि डब्याचे झाकण लावले. खोलीत समुद्रतळाचा वास होता. रिकाम्या खुर्च्यांच्या खाली लाकडी जमिनीवर ओलीचे रुंद, काळपट डाग होते.

माझी नजर तिने पाहिली. "मीठ आहे ते. बुडालेल्या लाकडात मीठ राहतं, ते हवेतली ओल ओढतं. पावसाआधी खुर्च्यांना घाम येतो. घाबरायचं काही नाही."

ते खरे आहे. मी पुढे चौकशी केली. परंतु डाग पाच होते. पाचवा लाइनच्या खुर्चीच्या मागे, जिथे काहीच ठेवलेले नव्हते.

मी तिला सांभाळून विचारले की तिच्या उत्तरांखाली ज्यांची नावे आहेत ती माणसे आता नाहीत, हे तिला मान्य आहे का.

"मान्य काय करायचंय त्यात? पुरण्याआधी सतरा जणांना मीच कपडे चढवले. शेजाऱ्यानं चढवायचे असतात. दुसरं शेजारी कोण उरलं होतं?"

"मग ही उत्तरं तुमच्या आठवणीतली?"

"आठवणीतली असती तर माझी अक्षरं घातली असती, साहेब. मी विचारते, थांबते, आलं की लिहिते. पूर्वी तसंच होतं, आताही तसंच. फरक इतकाच की आता थांबावं जास्त लागतं. आणि भांडणं होत नाहीत. भांडणं हवीत खरं तर. यिक्के गप्प बसलेली बघवत नाही."

"आणि हा ह.व. कोण?"

"ओळखत नाही. बसत नाही तो. मागं उभा राहतो. चर्चचं विचारलं की पुढं येतो."

तिने मला विचारले की आमच्या शास्त्रात या शेपट्या कुठून येतात असे मानतात. ती प्रत्ययांना शेपट्या म्हणे. मी सांगितले की त्यांतल्या बऱ्याच एके काळी स्वतंत्र शब्द होत्या. कुणी 'प्रतिष्ठा' होती, कुणी 'न्याय', कुणी 'वाहून नेणे'. विशेषणे घडवणारी आमची सगळ्यात कामाची शेपटी पूर्वी 'देह' या अर्थाचा शब्द होती. आज ती एकटी उभी राहिली तर तिचा अर्थ फक्त प्रेत. शब्द झिजतो, त्याचे स्वतःचे घर जाते, आणि तो दुसऱ्या शब्दाच्या मागे आश्रयाला राहतो.

"बुडालेले शब्द म्हणजे," ती म्हणाली.

"तसं म्हणता येईल."

"आणि एकटे उभे राहू शकत नाहीत."

"नाही."

"म्हणून कुणीतरी बोलावं लागतं, मग ते मागं येऊन लागतात." तिने पेन्सिलीला टोक केले. "चला, तीन वाजले."

मी जे पाहिले ते आणि तेवढेच लिहितो. तिने यादीची नक्कल समोर ठेवली आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. प्रत्येक शब्दानंतर ती ज्या दिशेने मान वळवी, ती रिकाम्या जागेची दिशा नव्हती; माणसाचा चेहरा जिथे असतो त्या उंचीवर तिची नजर ठरत होती. कधी दहा सेकंद, कधी दोन मिनिटे. मग ती लिही. मला काहीही ऐकू आले नाही. बाहेर कुणीतरी लाकूड कापत होते. हळूहळू मला जाणवले की ती थांबली की करवतही थांबते.

मी एक परीक्षा घेतली. त्यामागचा माझा हेतू चांगला नव्हता. माझ्या प्रबंधासाठी मी पंधराव्या शतकातली एक जकातवही उतरवून घेतली होती; त्या उताऱ्याची एकच प्रत माझ्या टेबलाच्या खणात होती, कुणी वाचलेली नव्हती. तिच्यात एका लहान सपाट होडीचा शब्द एका चमत्कारिक रूपात आला होता, जो मला दुसरीकडे कुठेच सापडला नव्हता. मी म्हणालो, "यादीबाहेरचा एक शब्द विचाराल? लहान सपाट होडी."

"कुणाला विचारू?"

"मागे उभा आहे त्याला."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. नापसंती होती त्या पाहण्यात. मग तिने लाइनच्या खुर्चीच्या वर, बरेच वर, नजर लावली आणि विचारले. या खेपेला ती किती वेळ थांबली ते मी मोजू शकलो नाही. करवत पूर्ण बंद झाली होती. तिने लिहिले आणि कागद माझ्याकडे फिरवला. 'स्खुतेकीन.' पुढे ह.व.

माझ्या वहीतला शब्द तोच होता, त्या चमत्कारिक स्वरासह.

"बरोबर आहे का?" तिने विचारले.

"हो."

"मग असे पांढरे का पडलात? कॉफी घ्या."

मी कॉफी घेतली. ती खारट होती. नवीन घरांच्या विहिरी त्या वर्षी सगळ्याच खारट होत्या.

एकतिसावा शब्द वाचायचा राहिला होता. पाठवलेल्या यादीत तीच ओळ रिकामी होती: 'पाणी'. पाण्याला तो लहानपणाचा प्रत्यय लावून गावात कसे म्हणतात? तानेत्येने शब्द वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"इथं कुणी बोलत नाही. मी पाच बुधवार विचारलं. त्या शनिवारी सगळे तसंच म्हणाले होते ना, शेपटी लावून. आता एकोणचाळीसांतला एकही जण लावायला तयार नाही. रिकामी ओळ चालते का तुमच्या नियमात?"

"चालते."

"बरं झालं. मला वाटलं तेवढ्यासाठी बाद कराल." तिने सहाही पेले गोळा केले, माझा सोडून सगळे भरलेलेच होते. मग पाठमोरी राहूनच ती म्हणाली, "एक विचारू? तुमच्या छापील कागदावर एक ओळ असते. बावीस वर्षं मी ती त्यांना वाचून दाखवली. मारीनुस थट्टा करायचा. आता थट्टा करत नाही, नुसता बघतो. गाव नव्या नकाशात येणार नाही, हे समितीचे साहेब सांगून गेले. म्हटलं, त्यांचा नकाशा वेगळा आणि युट्रेख्तचा वेगळा. ठिपका मिळेल ना?"

तिला दुसरे काहीच नको होते. घर मिळाले होते, जुजबी भत्ता मिळत होता. त्यांबद्दल तिने एक शब्द काढला नाही. तिने माणसांना बोलायला बसवले होते आणि त्यांचे बोलणे मोजले जाईल असे सांगितले होते.

मी म्हणालो, "मिळेल. मी शब्द देतो."

ती वळली, माझ्याकडे नव्हे, खुर्च्यांकडे. "ऐकलंत?"

अहवाल मी दीड पानाचा लिहिला. त्यात खोटे वाक्य एकही नाही. 'गाव निर्मनुष्य. उत्तरे मृत व्यक्तींच्या नावे. पडताळणी अशक्य.' डाग लिहिले नाहीत, होडीचा शब्द लिहिला नाही, मी दिलेला शब्द लिहिला नाही. मी बत्तीस वर्षांचा होतो, माझी नेमणूक तात्पुरती होती, आणि होडीचा शब्द लिहिला असता तर आधी माझ्या प्रबंधावर आणि मग माझ्या डोक्यावर संशय घेतला गेला असता.

प्रमुख म्हणाले, "भाषा जिवंत माणसाच्या तोंडात असते. गाव नाही तर बोली कुणाची?"

मी म्हणालो, "पुराआधीच्या बावीस याद्या आहेत. त्या माणसांनी जिवंतपणी दिलेल्या. त्यांच्यावर ठिपका देता येईल."

"एकट्या गावाचा? अहो, खाडीच्या उत्तरेला, म्हणजे त्या बेटावर, '-के' तीनशे वर्षांपूर्वीच संपला, असं माझं पुस्तक सांगतं. सीमारेषा स्वच्छ येते आहे. एका ठिपक्यासाठी ती वाकडी करायची? आणि उद्या कुणी तपासायला गेलं तर तपासणार कुठं?"

हे बोलणे समितीच्या बोलण्यासारखे आहे हे मला तेव्हाच जाणवले होते. सोयीची रेषा आधी आखली जाते आणि मग तिच्या आड येणारी माणसे थोडीच होती असे सिद्ध केले जाते. पाणी असा हिशेब करत नाही. तो आपण करतो. हे मला समजत होते आणि मी गप्प बसलो. नेमणूक पुढच्या वर्षी कायम झाली.

नकाशा १९५६ साली छापला गेला. बेटावर सगळीकडे '-त्ये'चे गोल ठिपके, आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात नखाएवढा पांढरा कागद. माहिती देणाऱ्या सर्वांना एकेक प्रत गेली, तिलाही गेली. तिचे पोस्टकार्ड आले.

'नकाशा पोचला. आमच्या जागी पांढरं आहे. बुधवारी सगळ्यांनी पाहिला. कुणी काही बोललं नाही. शब्द तुम्ही दिला होता, ही आठवण मी त्यांना करून दिली नाही. त्यांनी ऐकला होता तेवढा पुरे. तानेत्ये दालेबाउट, शिवणारी.'

मी उत्तर दिले नाही. तिचे नाव टपालखात्याच्या सूचीतून त्याच वर्षी काढण्यात आले. काढण्याच्या कागदावर सही माझी आहे.

सप्टेंबर १९६१ मध्ये ती वारली. अर्धवट शिवलेल्या टोपीला टाके घालत असताना तिची मान पुढे कलली, असे तिच्या भाचीने कळवले. भाची बेटाच्या मुख्य गावात राहत होती. घर रिकामे करायला तिला डिसेंबर उजाडला, आणि नवीन वर्षात तिने आमच्या कार्यालयाकडे एक पत्र्याचा डबा धाडला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते: 'मावशीच्या खुर्च्या जाळायला काढल्या, पण पेटेनात. फार ओल्या आहेत. हे कागद तुमचे असावेत.'

डब्यात याद्यांच्या नकला होत्या, सालवार लावलेल्या. सगळ्यात वरच्या यादीचा छापील क्रमांक मी तीनदा वाचला. ती १९६१ सालची होती. आम्ही ती ऑक्टोबरच्या मध्यावर छापली होती, म्हणजे तिला पुरून पाच आठवडे झाल्यावर; आणि तिच्या पत्त्यावर यादी जाणे पाच वर्षांपूर्वीच बंद झाले होते. मी छापखान्यात चौकशी केली, टपालखात्यात केली, भाचीला पत्र घातले. कुणालाही काही ठाऊक नव्हते. मला जे समजले नाही त्याचा खुलासा मी करणार नाही.

यादी भरलेली होती. अक्षर तेच, उभे, टाक्यासारखे; फक्त शाई पाण्याने पसरल्यासारखी फिकट. योगायोगाने, किंवा ज्याला मी योगायोग म्हणतो त्याने, कार्यालयाने त्या वर्षी लहानपणाच्या प्रत्ययाचे जुने शब्द फेरतपासणीसाठी पुन्हा घेतले होते. यि.बो. होती, ला.बो. होता, मा.द. होता. चर्चपुढे ह.व. होता. एकतिसाव्या शब्दापुढची ओळ या वेळी रिकामी नव्हती. तिथे एकच शब्द होता, 'पाणी', कसलीही शेपटी न लावता. आणि पुढे, बावीस वर्षांच्या कागदांत एकदाही न आलेली अक्षरे: ता.दा. ती आता विचारणारी नव्हती.

नकाशाच्या तीन आवृत्त्या त्यानंतर निघाल्या. दुसऱ्या आवृत्तीपासून संपादक म्हणून माझे नाव आहे. प्रमुख तोवर निवृत्त झाले होते, त्यांच्या पुस्तकाला कुणी हात लावत नव्हते, आणि ठिपका घालण्यापासून मला रोखणारे कुणीही नव्हते. दर वेळी मी तो घालायचे ठरवले, आणि दर वेळी त्याचा आधार काय, या प्रश्नापाशी येऊन थांबलो. कारण पुराआधीच्या बावीस याद्यांवर तो घालायचा, तर मी १९५३ साली गप्प का बसलो, हे सांगावे लागले असते. आता मी वयाने तिच्यापुढे गेलो आहे. बुधवारी तीनच्या सुमारास घरात कुणी काही बोलत नसले तर मी उठून रेडिओ लावतो.

एकोणचाळीस बुडालेल्या माणसांचा, मागे उभ्या राहणाऱ्या एकाचा आणि तानेत्ये दालेबाउटचा मिळून एक ठिपका देणे आहे. तो दिलेला नाही.